दर आठवा टाका

माझी मावशी रफू करायची. उंदरानं कुरतडलेला कोट असो, ठिणगी पडून भोक पडलेली शाल असो, खिळ्याला अडकून फाटलेली पँट असो, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार दोरे उसने घ्यायची आणि भोक असं बुजवायची, की कपडा न्यायला आलेलं गिऱ्हाईक तो उजेडाकडे धरून आधी भोकच शोधत बसायचं. "कुठं होतं हो?" असं कुणी विचारलं की मावशी म्हणायची, "आता मलाही नाही सांगता यायचं." हे धादांत खोटं असायचं. बुजवलेलं प्रत्येक भोक तिला पाठ होतं. रस्त्यानं जाताना एखाद्याच्या पाठीकडे बघून ती माझ्या कानात सांगायची, "डाव्या खांद्याखाली, चार बोटांवर. मागच्या थंडीतलं."

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, टेलिफोन एक्सचेंजमध्ये दुरुस्ती खात्यात एकतीस वर्षं होते. ते लागले तेव्हा तिथली यंत्रं दोन मजले भरून होती. मग ती एका खोलीत मावली, मग एका कपाटात, आणि त्या कपाटाला काकांची गरज नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरीच इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्तीला घेतले. लिफ्टचे, वजनकाट्यांचे, कारखान्यातल्या यंत्रांचे. 'हा भाग आता मिळत नाही, नवीन यंत्र घ्या' असं म्हणून कंपनीनं हात वर केले, की लोक काकांचा पत्ता विचारत यायचे.

पुढच्या खोलीला दोन खिडक्या होत्या. एका खिडकीत मावशीची खुर्ची, समोरच्या खिडकीत काकांचं टेबल, आणि मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. दोघं एकमेकांकडे पाठ करून दिवसभर कामं करायची. बोलणं चालू असायचं, पण मान कुणी वळवायचं नाही. त्यामुळे काकांच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलंय हे मावशीला उशिरा कळलं.

आधी तिला वाटलं, हे रुसलेत. जेवताना ते तिच्याशी बोलायचे, पण बघायचे तिच्या खांद्याकडे. दोन-तीन दिवस तिनं सोसलं, मग म्हणाली, "अहो, मी इथे आहे. खांद्याशी काय बोलताय?" काकांनी ताटात मान घातली. मग ते कामं परत पाठवायला लागले. आज पाठ दुखतेय, उद्या कंटाळा आलाय. आणि एका दुपारी, अगदी सहज बोलल्यासारखं करून, त्यांनी मावशीला विचारलं, "अगं, ही पट्टी तपकिरी आहे की लाल? तुला काय वाटतं?"

हातातली सुई तिनं तशीच कापडात टोचून ठेवली. हा माणूस हातभर अंतरावरून बोर्डातल्या भागांवरच्या त्या बारीक पट्ट्यांचे रंग ओळखायचा. एवढ्या वर्षांत त्यानं तिला रंग विचारला नव्हता.

"लाल आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय."

डोळ्यांच्या डॉक्टर शांत बाई होत्या. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि मधोमध पेन्सिलीनं काळा ठिपका गिरवला. डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग झिजलाय, त्या म्हणाल्या. इंजेक्शनं घेत राहिलात तर आहे ते टिकेल. गेलंय ते परत येणार नाही. कडेचं दिसत राहील.

"म्हणजे," काका म्हणाले, "जे बघायला जाईन तेवढंच दिसणार नाही."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "असंच."

घरी येताना काकांनी मावशीकडून कबूल करून घेतलं की कुणाला सांगायचं नाही. ती वचनाची पक्की. मलासुद्धा तिनं सांगितलं नाही. "त्यांना आता कामाचा उबग आलाय," एवढंच म्हणायची. काका टेबलाशी बसायचे, अवजारं पुसायचे, जागच्या जागी ठेवायचे आणि दुपारी झोपायचे. चार महिने असे गेले.

मग शिडी आला.

शिडी म्हणजे विणकाम कारखान्यातला मेकॅनिक. उंची अशी की त्याला सगळे शिडीच म्हणायचे, आणि त्याचीही काही हरकत नव्हती; फोनवर तो स्वतःच "शिडी बोलतोय" म्हणायचा. स्वेटरच्या कापडात गुंडाळलेला एक बोर्ड त्यानं पोटाशी धरून आणला होता.

"काका, आता तुम्हीच."

"मी काम बंद केलंय."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. कंटाळा आला."

शिडी दारातच खाली बसला. बसल्यावर तो इतर माणसांएवढा दिसायचा. यंत्र अठरा वर्षांचं आहे, त्यानं सांगितलं. स्वेटरचं अंग तेच विणतं. सकाळी सुरू केलं की चाळीस मिनिटं झकास चालतं आणि मग कापडात भोकं पडायला लागतात. कंपनी म्हणते, हा बोर्ड आम्ही आता बनवत नाही. मालकीणबाई म्हणतात, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर यंत्र भंगारात काढू आणि विणलेलं कापड बाहेरून आणू. "सहा बायका आहेत त्या यंत्रावर, काका. विणणाऱ्या, जोडणाऱ्या. आणि सातवा मी."

काका मान खाली घालून बसले. नाही म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पाठीमागून मावशी म्हणाली, "ठेवून जा. बघतील."

शिडी हे ऐकायलाच थांबला होता. काकांचं मन बदलायच्या आत तो जिना उतरूनही गेला.

"तुला कळतंय का तू काय केलंस?" काका म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

"कळतंय."

"मला दिसत नाही."

"मला दिसतं," मावशी म्हणाली आणि आपली खुर्ची उचलून मधल्या वाटेतून पलीकडे घेऊन गेली.

पहिला दिवस नुसता बघण्यात गेला. बोर्ड उघडलेल्या वहीएवढा होता आणि त्यावर पाच-सहाशे तरी भाग असतील. काकांनी दिव्याचं गोल भिंग तिच्यापुढे ओढलं आणि म्हणाले, "काय दिसतं ते सांग. डावीकडून सुरुवात कर."

"काळा किडा आहे एक. दोन्ही बाजूंना पाय. त्याच्या खाली अजून एक किडा, लहान."

"त्याला चिप म्हणतात."

"मी किडाच म्हणणार. लक्षात राहतं. किड्याच्या शेजारी तीळ सांडलेत. काळे तीळ, दोन्ही टोकांना चांदी लावलेली."

"रेझिस्टर."

"तीळ. आणि कोपऱ्यात तीन पिंपं उभी आहेत."

काकांनी दोन दिवस तिला खरी नावं शिकवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "तिसऱ्या किड्याच्या उजव्या अंगाला दोन तीळ असतील बघ. त्यातल्या वरच्या तिळाच्या दोन्ही टोकांवर मीटर लाव." आणि आपण काय बोललो हे लक्षात आल्यावर स्वतःशीच हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा, मावशीनं मला नंतर सांगितलं.

काकांची पद्धत ठरलेली होती. अंदाज करायचा नाही. वीज बोर्डात शिरते तिथून निघायचं आणि एकेक भाग तपासत पुढे जायचं, गल्लीतलं एकही दार न चुकवता. मीटरची टोकं मावशीनं लावायची, आकडा वाचायचा. मीटर वाजतो की नाही ते काकांनी ऐकायचं. मावशीचा हात स्थिर होता, पण पद्धत तिला सोसवेना. रफूवाल्याला भोक आधी दिसतं, मग तो कापडाकडे बघतो. इथे कापड होतं आणि भोकाचा पत्ता नव्हता.

"सगळंच चांगलं निघतंय," तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली.

"हेच सगळ्यात वाईट," काका म्हणाले. "थंड असताना चांगलं आणि गरम झालं की वाईट. असा बिघाड हाताला लागत नाही. लपून बसतो."

चौथ्या दिवशी काका जेवून आडवे झाले. मावशीला दुपारी झोप येत नसे. बोर्ड ज्यात गुंडाळून आला होता ते कापड टेबलाच्या कडेवर पडलं होतं, गडद निळं, भोकंच भोकं पडलेलं. शिडीनं टाकाऊ ढिगातून उचललेलं. ते कुणाला नको होतं, कुणी मागणार नव्हतं. पण भोक दिसलं की मावशीचे हात स्वस्थ बसत नाहीत. तिनं सुई ओवली आणि कापड मांडीवर घेतलं.

दहा-बारा टाके बुजवल्यावर ती थांबली. मग तिनं बुजवणं सोडलं आणि मोजायला सुरुवात केली. डाव्या कडेपासून पाचवा टाका निसटलेला. मग तेरावा. मग एकविसावा. एकोणतिसावा. तिनं दुसरी ओळ घेतली. पाचवा, तेरावा, एकविसावा. कापडाची खालची वीतभर वीण अगदी स्वच्छ होती. मग तुरळक एखादा टाका सुटलेला. मग दर चार ओळींनी. आणि वर वर जाताना जवळजवळ प्रत्येक ओळीत. पण सुटायचा तो हाच टाका. दर आठवा.

ती आत जाऊन काकांच्या पायाशी उभी राहिली.

"अहो, उठा. त्या यंत्रात आठ आठचं काही आहे का?"

काका डोळे मिटूनच म्हणाले, "सुया आठ आठच्या गटानं उचलतात. प्रत्येक गटातली पहिली सुई एका तारेवर, दुसरी दुसऱ्या तारेवर. आठ तारा. का?" आणि 'का' म्हणता म्हणता ते उठून बसले.

मावशीनं कापड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांपुढे धरलं नाही. कडेपासून बोटानं चाचपत गेले. भोक लागलं की थांबायचे, मोजायचे, पुढे जायचे. बराच वेळ त्यांचं बोट त्या निळ्या लोकरीवरून फिरत होतं.

"मी तीन दिवस दारं ठोठावतोय," ते म्हणाले, "आणि चोराचा पत्ता लिहिलेला कागद शेजारी पडलाय."

त्यांनी शिडीला फोन लावला. हे कापड सुलट बाजूनं बघितलं तर डावीकडचा पहिला टाका कुठल्या सुईवरचा? गटातल्या पहिल्याच, शिडी म्हणाला. म्हणजे पाचवी सुई, पाचवी तार. बोर्डाच्या उजव्या कडेला एकसारख्या आठ रांगा होत्या. प्रत्येक रांगेत एक ट्रान्झिस्टर, म्हणजे मावशीच्या भाषेत तीन पायांचा मुंगळा, आणि आजूबाजूला तीळ. रांगांच्या टोकाला बारीक आकडे छापलेले.

"पाच छापलंय ती रांग सापडली?"

"सापडली."

थंड असताना ती रांगही चांगलीच निघाली, पण काका म्हणाले, गरम होणारा भाग मुंगळाच आहे, तो बदलून टाकू. जुन्या बोर्डावरून तसाच एक काढला. सोल्डरिंग आयर्न मावशीनं धरलं, आयुष्यात पहिल्यांदा. "कथलाची तार टेकव. थांब. चमकलं? आता काढ." तिला ते तासाभरात जमलं. एक पाय थोडा तिरका बसला होता, तो तिनं पुन्हा सोडवून सरळ केला. दिसायचं कुणाला नव्हतं, पण तिला माहीत होतं.

शिडी बोर्ड घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"काका, तसंच आहे. चाळीस मिनिटं ठीक, मग पुन्हा भोकं. बोर्ड काढून आणू?"

"आण," काका म्हणाले.

मावशी तिच्या खिडकीत जाऊन बसली. हातात काम नव्हतं. पिशवीत तीन कपडे पडले होते, पण तिनं काढले नाहीत. "माझ्या नादी लागलात," ती म्हणाली. "मला काय कळतं त्यातलं. सुया मोजणारी बाई मी."

काका चाचपत मधली वाट ओलांडून आले आणि तिच्या खुर्चीच्या हातावर टेकले. "कापड खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "एक्सचेंजमध्येही असंच व्हायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, घंटा वाजते पण आवाज येत नाही. आम्ही म्हणायचो, गिऱ्हाईक वेडं आहे. ते कधीच वेडं नसायचं. ऐकण्यात आमचं काहीतरी चुकलेलं असायचं. तुझं मोजणं बरोबर आहे. पुढे आपण काहीतरी चुकलोय."

बोर्ड परत आला तो दिवस माझ्या सुट्टीचा होता, म्हणून मी तिथे होते. काकांनी मला आत बोलावलं आणि मी विचारायच्या आतच मावशी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सांगू का हिला?" काकांनी मान हलवली. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. मी नुसती काकांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. काकांनीच सोडवणूक केली. "तुझा केस वाळवायचा ड्रायर आहे ना? तो लागणार आहे. पण आधी हिला वाचू दे." मग मावशीला म्हणाले, "त्या आठ रांगा वरपासून खालपर्यंत वाच. काही गाळू नकोस. आकडा असो, अक्षर असो, डाग असो."

मावशीनं भिंग ओढलं. "पहिल्या रांगेशी काही नाही, नुसता गोल आहे. दुसरीशी एक. तिसरीशी दोन. चौथीशी..."

"थांब. पहिल्या रांगेशी काय आहे?"

"गोल. भोक असतं तसं. अशी भोकं बोर्डभर आहेत."

"भोक आहे की छापलेला गोल?"

मावशीनं सुईचं टोक टेकवून बघितलं. "छापलेला."

काकांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "शून्य आहे ते, शून्य! हे लोक शून्यापासून मोजतात. शून्य, एक, दोन. पाचव्या रांगेवर चार छापलेलं असणार. आपण सहाव्या रांगेचा निरपराध मुंगळा काढून फेकला."

मावशीनं भिंगावरून मान वर केली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "शून्यापासून कोण मोजतं? शून्य टाके विणून कुणी स्वेटर घातलाय का आजपर्यंत?"

"मला माहीत होतं ना. मी विचारायला हवं होतं."

"मग विचारलं का नाही?"

"मला वाटलं तुला दिसतंय."

मी तोंडावर हात ठेवून बसले होते. पण आधी हसले ते काका, आणि मग मावशीलाही आवरेना.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायर नेऊन दिला आणि संध्याकाळी काय झालं ते बघायला पुन्हा गेले. मधल्या वेळात काकांनी एक युक्ती केली होती. त्यांनी सांगितलं आणि मावशीनं जोडलं: आठ तारांना आठ बारीक दिवे, आणि दिवे ओळीनं लावत जाणारी एक छोटी डबी. बोर्डाला वाटावं की आपण यंत्रातच आहोत. दिवे शिस्तीत लागत-विझत होते. मावशीनं ड्रायर सुरू केला. गरम वारा उजव्या कडेवर फिरत राहिला. खोलीत धूळ तापल्याचा वास आला.

"पाचवा अडखळला," मी म्हणाले.

"मला दिसला," काका म्हणाले. ते मान वळवून भिंतीकडे बघत होते. कडेनं बघितलं तर त्यांना लुकलुक कळत होती. "आता कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडव. चार नंबरच्या रांगेत एकेका भागाला टेकव, फक्त टेकव. स्पिरिट उडतं, भाग थंड होतो. ज्याला टेकवल्यावर दिवा ताळ्यावर येईल तो आपला चोर."

मावशीनं मुंगळ्याला काडी टेकवली. दिवा अडखळतच राहिला. तिनं थोडं थांबून पहिला तीळ घेतला. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसऱ्या तिळाला काडी लागली आणि दिवा सरळ जळायला लागला, शेजारच्या सातांसारखा.

स्पिरिट उडून गेलं, दिवा पुन्हा अडखळला. मावशीनं पुन्हा काडी टेकवली. पुन्हा सरळ.

"तिसरा तीळ," ती म्हणाली. तिनं भिंग अगदी जवळ आणलं. "अहो, याच्या टोकाला, चांदीच्या आणि काळ्याच्या मध्ये, केसाएवढी भेग आहे. ही मी आधी कशी बघितली नाही?"

"तेव्हा तू सहाशे बघत होतीस. आता एक बघतेयस."

थंड असताना भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटून असायच्या. मीटर लावला की ठणठणीत. गरम झालं की कडा सुटायच्या आणि त्या तारेवरची सुई उचलली जायची नाही. अठरा वर्षांच्या यंत्राला या एवढ्याशा तिळानं वेठीला धरलं होतं.

तो काढणं सोपं होतं, नवा बसवणं कठीण. मावशीनं जुन्या बोर्डावर तसाच शोधला, भिंगातून त्याच्या पाठीवरचा आकडा वाचला, "एक, शून्य, दोन. शून्यच आहे ना? भोक नाही ना?" आणि चिमट्यात धरला. तो टिक आवाज करून उडाला. मी आणि ती गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहिलो, काका खुर्चीवरून "खुर्चीच्या पायाशी बघा" म्हणून हुकूम सोडत राहिले. तो तीळ आजतागायत सापडलेला नाही. दुसरा काढला. या वेळी मावशीनं चिमटा दोनदा उचलला आणि दोनदा टेबलावर परत ठेवला. वीस वर्षांत रेशमावर न अडखळलेला हात.

"आता थांब," काका म्हणाले. "काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. ज्या कोटाला तू सगळ्यात जास्त वेळ लावलास तो कुणाचा?"

"बँडवाल्याचा. लाल कोट. बाहीला सोनेरी पट्टा होता, तो मध्येच जळलेला." ती सांगत राहिली, तो सोनेरी दोरा मिळवायला कशी चार दुकानं हिंडली, आणि बोलता बोलता तिनं तीळ जागेवर ठेवला, एक टोक डागलं, मग दुसरं. पुन्हा ड्रायर लावला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आठही दिवे आपल्या वेळेला लागत राहिले. आम्ही ड्रायरच तापून बंद पडेपर्यंत बघत होतो.

शिडी बोर्ड घेऊन गेला आणि तीन दिवसांनी परत आला. हातात नव्या कापडाचा हातभर तुकडा होता. "सकाळपासून चार तास सलग," तो म्हणाला. मावशीनं कापड घेतलं, खिडकीशी नेलं आणि टाका टाका तपासला. "इथे एक गाठ आहे."

"ती विणणारीची आहे, काकू. दोरा संपला होता."

"मग ठीक."

शिडी काकांकडे वळला. "काका, कंपनीच्या माणसानं हात टेकले होते. तुम्ही कसं शोधलंत?"

मी काकांकडे बघत होते. ते शिडीच्या कानाच्या रोखानं बघत होते.

"मी नाही शोधला," ते म्हणाले. "मला दिसत नाही. चार-पाच महिने झाले. मधलं काहीच दिसत नाही. तू आता मला नुसता दोन कानांचा दिसतोस. हिनं तुझ्या कापडावरून शोधला."

शिडी गोंधळला. त्यानं मावशीकडे बघितलं, मग पुन्हा काकांकडे. "बरं," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, "मग पुढचा बोर्ड आणला तर चालेल ना? वाफेच्या इस्त्रीचाही बिघडलाय."

काका इतके मोठ्यानं हसले की मावशी दचकली. "तिला विचार," ते म्हणाले. "मी फक्त बोलायचं काम करतो."

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. त्यानंतर दोघांनी मिळून बरेच बोर्ड हातावेगळे केले. काकांची नजर अजून थोडी गेली, पण इंजेक्शनांमुळे सावकाश. मावशी सकाळी बोर्ड बघते, दुपारी रफू करते, दोन्हीमध्ये डोळे ताणतात म्हणून दर तासाला लांबच्या झाडाकडे बघायचं असं डॉक्टरांनी तिला बजावलंय, आणि काका घड्याळाच्या ठोक्यावर "झाड!" म्हणून ओरडतात. नावं मात्र अजून तीच आहेत. मध्यंतरी एका कारखान्याचा इंजिनियर आला होता. काका त्याला गंभीरपणे सांगत होते की तुमच्या दुसऱ्या किड्याजवळचं पिंप फुगलंय. तो बिचारा वहीत लिहून घेत होता.

सगळेच बोर्ड सुधारतात असं नाही. गेल्या महिन्यात कपडे धुण्याच्या मोठ्या यंत्राचा एक आला. अकरा दिवस त्यांनी त्यात घालवले. आठव्या दिवशी वाटलं सापडला, नाही सापडला. बाराव्या दिवशी काकांनी त्या माणसाला बोलावून सांगितलं, "आम्हाला नाही जमलं. दुसरीकडे दाखवा." तो बोर्ड घेऊन गेला. मी फोन केला तेव्हा मावशी जेवणाची पानं घेत होती.

"वाईट वाटलं का ग?" मी विचारलं.

"कालपर्यंत वाटत होतं," ती म्हणाली. "आज भूक लागलीय. ठेव आता, यांना भाजी कुठं वाढलीय ते सांगायचंय."